जव्हारचा रस्ता
जुलै आला की जव्हारचा रस्ता आठवतो. २०१७ च्या जुलैत तिथे खड्ड्यामुळे मुंबईची एक रायडर बाइकवरून पडली आणि ट्रकखाली गेली. आमच्यातल्या काहींची ती मैत्रीण. पुढच्या रविवारी बोरिवलीच्या टपरीवर सगळे जमलो, चहा गार झाला, पण गाडी कुणीच काढली नाही.

पावसाचं पाणी खड्डा झाकतं. लोक मात्र आधी वेगालाच दोष देतात. त्याचा मला संताप येतो. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर २०१५ मध्ये सोळा वर्षांचा मुलगा गमावलेले दादाराव बिल्होरे पुढे स्वतःच्या हाताने खड्डे बुजवत राहिले. बापाने केलं ते दोस्तांनी का करू नये? येत्या रविवारी घोडबंदरला जाताना फावडं-घमेलं सोबत घ्या, असं ग्रुपवर टाकलंय.