अस्सल आणि नक्कल : जपानी ॲनिमेशनपटांची पोस्टरे आणि इतिहासाची साधने

(धागा)

१/ चित्रपटगृहाबाहेरच्या पोस्टराचे आयुष्य किती असते? चित्रपट लागण्यापूर्वीचे काही आठवडे आणि तो उतरेपर्यंतचे दिवस. मग त्याच चौकटीत पुढच्या चित्रपटाचे पोस्टर चढते आणि जुने बहुधा रद्दीत जाते. जपून ठेवावे म्हणून ते कोणी छापलेलेच नसते. तरीही चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे असे जपानी कागद शोधणारे संग्राहक आज जगभर आहेत. मीही त्यांतलीच एक. शिष्यवृत्तीच्या पैशांत जेवढे जमेल तेवढी. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या कागदांत काय सापडते, हे सांगण्यासाठी हा धागा.

२/ आधी एका रास्त शंकेविषयी. 'माय नेबर टोटोरो'चे चित्र कोणालाही क्षणात मिळते आणि कोपऱ्यावरच्या दुकानात त्याची रंगीत प्रत काढून मिळते. मग मूळ कागदासाठी एवढा खटाटोप कशाला? जुन्या मराठी कागदपत्रांत नकलेवर 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा आढळतो. मजकूर मुळाशी जुळतो, एवढीच ग्वाही त्यात असते. कागद, शाई, घड्या, शिक्के यांविषयी तो शेरा काही सांगत नाही. पोस्टरांचेही तसेच आहे. चित्र नकलेत येते. त्या चित्राचा काळ आणि त्याचा वापर मात्र अस्सल कागदावरच राहतो.

३/ थोडी पार्श्वभूमी. तोएई कंपनीचा 'हाकुजादेन' (१९५८) हा जपानचा पहिला रंगीत पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. त्यानंतरच्या दशकांत असे चित्रपट मोठ्या वितरकांच्या साखळीतून देशभर लागू लागले आणि त्यांच्यासोबत ठरावीक आकारांचे जाहिरात-साहित्य चित्रपटगृहांत पोहोचू लागले. त्यांत सर्वांत परिचित आकार म्हणजे बी-२ : ५१५ × ७२८ मिलिमीटर. त्याच्या दुप्पट बी-१. आणि हातात मावणारे बी-५ पत्रक, म्हणजे 'चिराशी' : १८२ × २५७ मिलिमीटर.

४/ या आकड्यांना महत्त्व आहे. जपानची 'बी' मापे जपानी मानकाची आहेत. आंतरराष्ट्रीय मानकातील बी-२ हे ५०० × ७०७ मिलिमीटरचे, म्हणजे थोडे लहान असते. 'मूळ जपानी बी-२' म्हणून विकला जाणारा कागद या दुसऱ्या मापाचा निघाला किंवा भेटवस्तूंच्या दुकानातील २४ × ३६ इंचांचा निघाला, तर परीक्षा तिथेच संपते. साधी मोजपट्टी हे या छंदातले पहिले शस्त्र आहे.

५/ दुसरी परीक्षा तारखेची. जपानी पोस्टरांवर अनेकदा प्रदर्शनाचा महिना, दिवस आणि वार छापतात; वर्ष छापतीलच असे नाही. शिलालेखातील तिथी आणि वार जुळवून शकवर्ष पडताळण्याची पद्धत आपण शिकतो, तीच येथे उपयोगी पडते. समजा, एका कागदावर '१६ एप्रिल, शनिवार' एवढेच आहे. १९८० ते १९९५ या काळात १६ एप्रिलला शनिवार आला तो १९८३, १९८८ आणि १९९४ साली. त्यात चित्रपटाचे नाव जोडले की वर्ष निश्चित होते. 'टोटोरो' प्रदर्शित झाला तो १६ एप्रिल १९८८ रोजी.

६/ तिसरी परीक्षा मला सर्वांत आवडते. चिराशी चित्रपटगृहाच्या दालनात फुकट वाटली जातात. त्यांच्या मागच्या बाजूस स्थानिक चित्रपटगृहाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक यांसाठी जागा असते. १ जानेवारी १९९१ रोजी टोकियो महानगरातील तीन आकडी केंद्रक्रमांकांच्या आरंभी '३' जोडून ते चार आकडी करण्यात आले. म्हणून पत्रकावर टोकियोच्या चित्रपटगृहाचा जुना, तीन आकडी केंद्रक्रमांक दिसला, तर ते पत्रक त्या बदलाच्या आधीचे मानायला सबळ आधार मिळतो. चित्राकडे पाहून जे कळणार नाही, ते मागच्या बाजूचा एक क्षुल्लक आकडा सांगून जातो.

७/ चौथी परीक्षा कालविसंगतीची. 'नौसिका ऑफ द व्हॅली ऑफ द विंड' ११ मार्च १९८४ रोजी प्रदर्शित झाला. त्याची निर्मिती टॉपक्राफ्ट या स्टुडिओत झाली होती. स्टुडिओ घिबली स्थापन झाला जून १९८५ मध्ये. आता कोणी 'नौसिका'चे १९८४ चे पोस्टर म्हणून घिबलीचे नाव किंवा चिन्ह असलेला कागद पुढे केला, तर काय म्हणाल? सनदेच्या तारखेपर्यंत जन्मालाच न आलेल्या अधिकाऱ्याची मोहोर त्या सनदेवर आढळावी, तसलाच हा प्रकार.

८/ पाचवी परीक्षा भिंगाखालची. ऑफसेट छपाईत रंगीत चित्र बारीक ठिपक्यांच्या जाळीतून उमटते. मूळ पोस्टरावर श्रेयनामावलीची बारीक काळी अक्षरे मात्र सामान्यतः सलग शाईची आणि कडेला रेखीव असतात. छापील पोस्टर स्कॅन करून नवी प्रत काढली, की ती अक्षरेही चित्राचाच भाग बनतात. त्यांच्या कडा फुटतात, त्यांतही ठिपके दिसू लागतात. विकत घेण्यापूर्वी मी विक्रेत्याकडे दोनच छायाचित्रे मागते : तळाच्या बारीक अक्षरांचे आणि कागदाच्या पाठीचे.

९/ येथे एक भेद करायला हवा. पुनःप्रदर्शनाचे पोस्टर म्हणजे बनावट पोस्टर नव्हे. भारत आणि जपान यांच्या सहकार्यातून घडलेला 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम' हा चित्रपट घ्या. युगो साको यांच्या पुढाकाराने, मुंबईचे ॲनिमेशनकार राम मोहन यांच्या सहभागाने तो नव्वदच्या दशकाच्या आरंभी तयार झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये भारतात पुन्हा चित्रपटगृहांत आला. २०२५ चे पोस्टर हे २०२५ मधील घटनेचे अस्सल साधन आहे. ते १९९३ चे म्हणून विकले गेले, तर लबाडी विकणाऱ्याची. कागद खोटा ठरत नाही.

१०/ आता मूळ प्रश्नाकडे. अस्सल ठरवून झाल्यावर वाचायचे काय? 'टोटोरो'चे प्रसिद्ध पोस्टर आठवा. पाऊस, बसथांबा, छत्री धरलेली एक मुलगी, शेजारी टोटोरो. चित्रपट पाहिलेल्यांना ठाऊक आहे की त्या थांब्यावर बहिणी दोन असतात : सात्सुकी आणि तिच्या पाठीवर झोपी गेलेली मेई. मग पोस्टरावरची ही तिसरी कोण?

११/ हायाओ मियाझाकी यांच्या आरंभीच्या कल्पनेत नायिका एकच होती. पुढे तिच्या दोघी झाल्या. नावांत तो उगम अजून शिल्लक आहे. 'सात्सुकी' हे पाचव्या महिन्याचे जुने जपानी नाव, तर 'मेई' म्हणजे इंग्रजीतला मे महिना. पोस्टरावरच्या मुलीत दोघींच्या खुणा एकत्र आहेत. पोथीच्या एखाद्या प्रतीत जुना पाठ टिकून राहावा, तसा चित्रपटातून नाहीसा झालेला आधीचा खर्डा पोस्टराने जपला आहे.

१२/ जाहिरातीच्या ओळीचीही अशीच कथा सांगितली जाते. ती लिहिणारे शिगेसातो इतोई यांनी आधी सुचवले होते की हा विचित्र प्राणी आता जपानमध्ये उरलेला नाही, बहुधा. मियाझाकींना ते पटले नाही. छापली गेलेली ओळ सांगते की तो अजून आहे, बहुधा. एका शब्दाच्या बदलाने हळहळीच्या जागी आशा आली. १९८८ चा जपान वेगाने शहरी होत होता, संपन्न होत होता. त्याला आपल्या हरवत्या गावरानाविषयी काय ऐकवायचे, हा वाद त्या ओळीमागे होता.

१३/ त्याच दिवशी, त्याच तिकिटावर दुसरा चित्रपट होता : इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. १९४५ च्या कोबे परिसरातील बॉम्बवर्षावानंतर उपासमारीने मरणारी दोन भावंडे. मूळ कथा अकियुकी नोसाका यांची, १९६७ ची. त्यांनी स्वतः त्या युद्धात धाकटी बहीण गमावली होती. आज आपण हे दोन चित्रपट वेगवेगळे पाहतो, वेगवेगळ्या मनःस्थितीत. १९८८ च्या प्रेक्षकाला ते एका बैठकीत मिळाले. दोघांची एकत्र जाहिरात करणारे बी-५ पत्रक हाती आले, तेव्हा ही वस्तुस्थिती मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने जाणवली. पुस्तकात मी ती आधी वाचली होतीच.

१४/ या चित्रपटाचे जपानी नाव 'होतारु नो हाका'. 'होतारु' म्हणजे काजवा. त्यासाठी रूढ असलेले एकच अक्षर बाजूला ठेवून नोसाकांनी दोन अक्षरे वापरली : एक 'आग' आणि दुसरे 'खाली ओघळणे' या अर्थाचे. काजवा आणि आकाशातून ओघळणारी आग, दोन्ही एका शब्दात. पोस्टरावर अंधारात बसलेली भावंडे आहेत आणि त्यांच्याभोवती प्रकाशाचे ठिपके.

१५/ २०१८ साली, ताकाहातांच्या निधनाच्या वर्षी, कोणीतरी त्या चित्राचा उजेड संगणकावर वाढवला आणि समाजमाध्यमांवर चर्चा उसळली. वरच्या काळोखात बॉम्बफेकी विमानाची आकृती होती. मग ठिपक्यांकडेही लोक पुन्हा पाहू लागले : गोल ते काजवे, लांबट ते कोसळणारे आगबॉम्ब. शीर्षकातील दोन अक्षरांनी जे सांगितले होते, तेच चित्रानेही सांगितले होते. फक्त हळू आवाजात.

१६/ येथे अस्सल-नकलेचा प्रश्न हौसेपुरता राहत नाही. ते विमान काळ्या आणि जवळजवळ काळ्या अशा दोन छटांमधल्या फरकावर उभे आहे. प्रतीवरून प्रत काढताना पहिला बळी जातो तो याच गडद छटांचा. मुलांचे चेहरे राहतील, काजवे राहतील. त्यांना मारणारे यंत्र मात्र काळोखात बुडून जाईल. वाईट नक्कल केवळ फिकी नसते. ती या चित्रातून युद्धाचा पुरावा काढून टाकते.

१७/ हे पोस्टर घ्यायचे ठरले, तेव्हा माझ्यापुढे दोन प्रती होत्या. एक निष्कलंक, कधीही न लावलेली, माझ्या आवाक्याच्या काठावरची. दुसरी निम्म्याहून कमी किमतीची : चारही कोपऱ्यांत टाचण्यांची भोके, एका कडेला चिकटपट्टीचा पिवळा डाग. बाजार पहिलीला श्रेष्ठ मानतो आणि अनेक संग्राहक दुसरीची भोके बुजवून घेतात. मी दुसरी घेतली. पैशांचा विचार होताच, पण तेवढाच नव्हता. ही प्रत आपले काम करून आलेली आहे. तिच्यासमोरून माणसे गेली आहेत. ती भोके बुजवणे म्हणजे कागदपत्रावरचा वापराचा शेरा खोडणे.

१८/ आता ती कोळिष्टकासारख्या पातळ, आम्लरहित कागदात, सपाट ठेवलेली असते. लॅमिनेशन केलेले नाही. एकदा केले की ते मागे घेता येत नाही. भिंतीवरही लावत नाही, कारण उजेडाने लाल आणि पिवळा रंग आधी उडतो आणि चित्र निळसर पडत जाते. पावसाळ्यात दमट हवा आणि कसर यांच्यावर पहारा ठेवावा लागतो. "लावायचे नाही, तर घेतलेस कशाला?" असे आई विचारते. मग ढगाळ दुपारी मी ते तिच्यासाठी खिडकीपाशी उलगडते, थोडे तिरपे धरते आणि वरच्या काळोखात बोट न लावता दाखवते. पहिल्यांदा तिला विमान दिसायला बराच वेळ लागला. दिसल्यावर ती काही बोलली नाही. खाली बसलेल्या त्या दोन मुलांकडे पाहत राहिली.

१९/ कोणाला सुरुवात करायची असेल, तर चिराशीपासून करा. ती लहान असतात, स्वस्त असतात, साध्या पाकिटातून येतात आणि पाठीवर चित्रपटगृहाचे नाव घेऊन येतात. आधी पाठ वाचा, मग चित्र पाहा. (समाप्त)