हेल्सिंकीच्या वकीलबाई

‘आपल्याला घडविणाऱ्या व्यक्ती’विषयी स्मरणिकेसाठी लिहावे, असा निरोप आला तेव्हा साहजिकच आपल्या गुरुजींचे नाव प्रथम मनात आले. त्यांच्याविषयी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. मी मात्र जिला कधी पाहिले नाही, जिची भाषा मला येत नाही, अशा एका स्त्रीविषयी लिहिणार आहे.

सनद घेऊन तालुक्याच्या गावी मी वकिलीला बसले, तेव्हा पहिल्याच पक्षकाराने विचारले, “ताई, वकीलसाहेब केव्हा येणार?” त्याला तरी काय दोष द्यावा! काळा कोट घातलेली बाई त्याने पूर्वी पाहिलीच नव्हती. त्याच सुमारास हेल्वी सिपिला हे नाव माझ्या वाचनात आले. त्यांचा जन्म १९१५ सालचा, हेल्सिंकीचा. १९४३ साली, महायुद्ध चालू असताना, त्यांनी स्वतःचे वकिली कार्यालय उघडले. असे कार्यालय काढणाऱ्या त्या फिनलंडमधील दुसऱ्याच स्त्री. ज्या देशाने १९०६ साली स्त्रियांना मतदानाचा आणि निवडणूक लढविण्याचा, असे दोन्ही हक्क एकदम दिले, ज्याच्या संसदेत पुढच्याच वर्षी १९ स्त्रिया निवडून आल्या, तिथली ही गत! मताचा हक्क मिळाला की बाकीचे आपोआप मिळते, हा माझा भाबडा समज तिथेच गळून पडला.

ते कार्यालय त्यांनी सुमारे तीस वर्षे चालविले. चार मुले वाढविली, गर्ल गाइड चळवळीचे नेतृत्व केले आणि साठच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक आयोगावर आपल्या देशाचे प्रतिनिधित्व केले. १९७२ साली त्या संयुक्त राष्ट्रांच्या सहायक महासचिव झाल्या. या पदावर पोहोचलेली ही पहिली स्त्री. संस्था तेव्हा सत्तावीस वर्षांची होती.

अशी पदे पुष्कळदा शोभेसाठी असतात. सिपिला यांनी ते तसे राहू दिले नाही. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष ठरले. जागतिक परिषद भरविण्याचा निर्णय मात्र जेमतेम वर्षभर आधी झाला. कोलंबियाने यजमानपद स्वीकारून पुढे अंग काढून घेतले. अखेर मेक्सिकोने होकार दिला आणि १९ जून ते २ जुलै या काळात मेक्सिको सिटीत १३३ देशांचे प्रतिनिधी जमले. परिषदेच्या महासचिव सिपिला होत्या. अध्यक्षपदी मात्र यजमान देशाचे एक पुरुष कायदेपंडित निवडले गेले. हे प्रथम वाचले तेव्हा मला माझा तो पक्षकार आठवला आणि संतापही आला. सिपिला यांच्या कामावर त्याचा परिणाम झालेला दिसत नाही. त्या परिषदेतून स्त्रियांसाठीच्या दशकाची कल्पना पुढे आली, आणि त्या दशकासाठीचा जो निधी उभा राहिला, त्यातूनच पुढे ‘युनिफेम’ ही संस्था झाली.

आपल्या देशातही त्या वर्षाचे पडसाद उमटले. १९७१ साली नेमलेल्या समितीचा भारतीय स्त्रियांच्या स्थितीवरील अहवाल त्याच सुमारास बाहेर आला. संसदेत आणि विधानसभांत स्त्रियांची संख्या किती तुटपुंजी आहे, मुलींचे प्रमाण कसे घटत आहे, हे त्याने आकड्यांनिशी मांडले. माझ्या टेबलावर त्याची एक जुनी प्रत असते. पोटगीच्या दाव्यांत तिचा थेट उपयोग नाही. तरी ती तिथून हलवावीशी वाटत नाही.

१९८२ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, सिपिला फिनलंडच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या. तिथे त्या पदासाठी उभी राहिलेली ही पहिली स्त्री. त्यांचा पक्ष लहान होता, मते फारच थोडी पडली, आणि माउनो कोइविस्तो राष्ट्राध्यक्ष झाले. २००० साली तार्या हालोनेन यांच्या रूपाने त्या देशाला पहिली महिला राष्ट्राध्यक्ष मिळाली. सिपिला तेव्हा हयात होत्या. २००९ च्या मे महिन्यात, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्या गेल्या.

गेल्या वर्षी वसतिगृहात मुलींपुढे मी ही हकीकत सांगितली. आठवीतल्या एका मुलीने वहीवर वजाबाकी केली आणि विचारले, “मॅडम, मधली अठरा वर्षे त्यांनी काय केले?” मी म्हटले, “युनिफेमचे काम केले, बाळ.” तिने तेही वहीत लिहून घेतले.