सेकंडहँड षड्ज

नवं घ्यावं की वापरलेलं, हा प्रश्न मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या मागे इयत्ता पाचवीपासूनच लागतो. जून उजाडला की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात वडिलांचं बोट धरून उभं राहायचं आणि अर्ध्या किमतीचा भूगोल घेऊन घरी यायचं. आधीच्या मालकाने महत्त्वाच्या ओळींखाली लाल शाईने रेघा मारलेल्या असत, म्हणजे अर्धा अभ्यासही आयताच पदरात पडे. फक्त तो आधीचा मालक पास झाला होता की नापास, हे दुकानदार सांगत नसे. वापरलेल्या वस्तूची सगळी गोम इथेच आहे. वस्तू समोर दिसते, तिचा पूर्वेतिहास दिसत नाही.

पुढे याच वळणाने थोरल्या बंधूंची सायकल, मामांचा ओव्हरकोट आणि साहेबांची स्कूटर अशी माझी प्रगती होत गेली. लग्न तेवढं प्रथमच केलं. तेव्हा निवृत्तीनंतर आमच्या सीडी प्लेअरने मान टाकली, त्या वेळी हा जुना प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला, याचं मला नवल वाटलं नाही. नवल किमतीचं वाटलं.

तुम्ही म्हणाल, या काळात सीडी प्लेअर घेतो कोण? आमचे चिरंजीव हेच म्हणाले. "बाबा, सगळं फोनवर आहे." आहे ना. पण फोनवर फुकट ऐकताना विलंबित आलापीत गवई हळूहळू चढत तार षड्जाच्या उंबरठ्यावर येतो, आपण श्वास रोखून बसतो, आणि नेमकी त्याच क्षणी एक बाई आयुर्विमा विकायला लागते. पैसे भरले की बाई जाते, हे मला माहीत आहे. पण आज असलेलं गाणं उद्या तिथे असेलच याची हमी पैसे भरूनही मिळत नाही. माझ्या कपाटात 312 सीडी आहेत. त्यातल्या निम्म्या काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून, पगाराच्या दिवशी, एकेक करून आणलेल्या. ते दुकान 2016 साली बंद झालं. सीडी मात्र कपाटातून अजून कुठे गेलेल्या नाहीत.

शिवाय या तबकडीचा आमच्या संगीतावर एक उपकार आहे. 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. त्यात ख्याल बसवायचा म्हणजे तपकिरीच्या डबीत हत्ती बसवायचा. लाँगप्ले आली तरी वीसेक मिनिटांनी उठून बाजू बदलावी लागे, आणि समाधी लागली असेल तर ती नेमकी तेव्हाच मोडे. मग सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून 12 सेंटिमीटरची ही चकती काढली. 74 मिनिटं सलग. 1982 च्या ऑक्टोबरात जपानात सोनीचा पहिला प्लेअर विकायला आला तेव्हा त्याची किंमत 1,68,000 येन होती. म्हणजे मध्यमवर्गाला परवडू नये, ही या यंत्राची परंपरा अगदी पहिल्या दिवसापासूनची आहे.

मला हवा होता तो प्लेअर नवा 1,40,000 रुपयांना होता. तोच मॉडेल वापरलेला 60,000 ला मिळत होता. मधले 80,000 रुपये म्हणजे काय, हे ज्याने भविष्यनिर्वाह निधीवर संसाराचा उत्तररंग मांडला आहे त्याला सांगायला नको. त्यातच आमच्या हिचा डावा गुडघा बदलायला झाला होता. "गुडघा तरी नवाच घ्यायचा ना?" असं तिने एकदा सहज विचारलं, आणि मी दोन दिवस प्लेअरचा विषय काढला नाही.

अशा वेळी माणूस सल्ला विचारतो. सल्ल्याचं एक बरं असतं, तो नेहमी सेकंडहँडच असतो आणि फुकट मिळतो. माझ्या बँकेतले एक जुने सहकारी कट्टर 'नवे'वादी. ते म्हणाले, "अरे, सीडी प्लेअर म्हणजे काय पितळेचा बंब आहे, की घासून पुसून वापरावा? आत लेझर असतो. तो झिजतो. ट्रे बाहेर ढकलणारा रबरी पट्टा कडक होतो. कपॅसिटर सुकतात. वंगण चिक्कीसारखं होतं. आणि लेझर गेला की कंपनी म्हणते, तो भाग आता आम्ही बनवत नाही. मग साठ हजारांचं काय होतं? फुलदाणी ठेवायला स्टूल!"

दुसरे सल्लागार आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. हे कट्टर 'जुने'वादी. त्यांच्या मते नवी मोटार आणि नवं यंत्र यांची निम्मी किंमत दुकानाच्या पायरीवरच सांडते. "दुसऱ्याला सांडू दे, आपण नंतर जावं," हे त्यांचं अर्थशास्त्र. "आणि नव्याला सुटे भाग जन्मभर मिळतील हे कुणी सांगितलं? ओप्पोसारखी नावाजलेली कंपनी 2018 मध्ये प्लेअर बनवायचंच थांबली की! सीडीची चलती होती तेव्हा कंपन्यांनी जीव ओतून यंत्रं केली. आता उरलेत ते उपकार म्हणून करतात."

दोघांचंही पटलं. दोघांचंही पटणं हा माझा जन्मजात दोष आहे, त्यामुळेच मी बँकेत कधी युनियनचा पुढारी झालो नाही.

मग नव्याच्या शोरूममध्ये गेलो. एसी इतका की मारव्याला कापरं भरावं. विक्रेता तरुण होता, टाय लावलेला. त्याने मला कोचावर बसवून कुठल्याशा इंग्रजी बाईचं गाणं लावलं. आवाज उत्तम होता. मी म्हणालो, "छान आहे." तो म्हणाला, "सर, हे तर काहीच नाही. दोनशे तास वाजला की मग खुलतो!"

मी हिशेब केला. रोज एक तास म्हटलं तरी साडेसहा महिने. म्हणजे 1,40,000 रुपये देऊन नवं यंत्र घ्यायचं आणि अर्धं वर्ष खपून ते वापरलेलं करायचं. मग आधीच खुललेला काय वाईट? यंत्र खरोखर असं खुलतं की आपलाच कान त्याला सरावतो, यावर शौकीन मंडळी हमरीतुमरीवर येतात. मला त्या वादाशी कर्तव्य नव्हतं. मला 80,000 रुपयांचा मुद्दा मिळाला होता.

तरी मी उडी मारली नाही. लॅमिंग्टन रोडला गेलो. या रस्त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण ते फक्त पाटीला माहीत आहे. तिथे एका बोळात, वाटीएवढ्या दुकानात, डोळ्याला भिंग लावून एक कारागीर बसतो. त्याने वर न पाहता मला मंत्र दिला, तो गरजूंसाठी इथे देतो. एक, जपानच्या बाजारातला माल स्वस्त मिळाला तरी आधी मागची पट्टी वाचा. तिथली वीज 100 व्होल्ट, आपली 230. तसाच आपल्या प्लगात लावलात तर सुरांऐवजी धूर निघेल. दोन, ट्रे दहा वेळा उघडझाप करून पाहा, कुरकुरला तर समजा. तीन, सीडीचं पहिलं गाणं ऐकून माना डोलवू नका. सीडी आतून बाहेर वाचली जाते, तेव्हा भरगच्च सीडीचं शेवटचं गाणं लावा. दमलेलं यंत्र तिथे अडखळतं. चार, घरी भरलेली एखादी सीडी लावून पाहा. पाच, रिमोट मूळचा आहे का बघा. आणि सहा, "लेझर किती तास चालला ते विचारा. खरं कोणी सांगत नाही, पण विचारा."

वापरलेला प्लेअर डोंबिवलीला होता. आम्ही दोघं गेलो. ही 'सोबत' म्हणून आली होती, म्हणजे घासाघीस करायला. दार उघडणारे गृहस्थ पंचाहत्तरीच्या पुढचे, रेल्वेच्या हिशेब तपासणीतून निवृत्त. कानात यंत्र. "या, बसा!" असं त्यांनी इतक्या मोठ्याने म्हटलं की शेजारच्या ब्लॉकमधलेही बसले असतील. सूनबाईंनी कांदेपोहे आणले. म्हणजे कार्यक्रम सर्वार्थाने बघण्याचाच होता. फक्त पाहणी मुलीची नव्हे, माझी चालली होती.

"घरी काय ऐकता?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"पाऊस लागला की?"

"मियाँ की मल्हार."

"आणि वहिनी?"

"मी कुकर लावते," ही म्हणाली. "शिट्टी झाली की हे आवाज वाढवतात."

हे उत्तर त्यांना दोनदा सांगावं लागलं. ऐकू आल्यावर मात्र ते खदखदून हसले आणि मी पास झालो.

मी ट्रे दहा वेळा उघडला, मिटला. आज्ञाधारक होता. शेवटचं गाणं लावलं, अडखळलं नाही. घरी भरलेली सीडी नेली होती, तीही वाजली. रिमोट मूळचा, प्लास्टिकच्या पिशवीतला. मग जे कोणी खरं सांगत नाही ते विचारलं. लेझर किती तास चालला?

ते उठले आणि कपाटातून लाल कापडी पुठ्ठ्याची वही घेऊन आले. उभ्या रेघा आखलेल्या. तारीख, सीडी, मिनिटं, आणि शेवटच्या रकान्यात 'बटण'. 2012 पासून एकही सीडी नोंदीवाचून वाजलेली नव्हती. पानाखाली बेरीज, पुढच्या पानावर ती ओढलेली. एकूण 2,914 तास. नव्या भूगोलातही इतका स्वच्छ इतिहास नसतो.

"हे 'बटण' म्हणजे?" मी मोठ्याने विचारलं.

"अ‍ॅम्प्लिफायरचं. आवाजाचं बटण घड्याळाच्या काट्यासारखं कुठे होतं ते. साडेआठ, नऊ. रात्री कोणाला त्रास नको म्हणून हिशेब ठेवायचो."

मी पानं उलटत गेलो. 2012 साली नऊ. 2015 साली दहा. 2018 ला साडेअकरा. त्यापुढे बारा, एक. शेवटच्या पानावर अडीच वाजले होते आणि नोंदी महिन्याला एक इतक्या विरळ झाल्या होत्या. अक्षर तेच, रेघा तशाच सरळ.

"मशीन उत्तम आहे," ते म्हणाले. "मालक बिघडला. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे वरचे सूर आधी जातात. 'स', 'श', 'फ' ही अक्षरं सगळ्यांत वर राहतात, म्हणून ती आधी गेली. गवई 'सा' लावतो आणि मला 'आ' ऐकू येतो."

"आणि कानातलं यंत्र?"

"ते बोलणं समजावं म्हणून केलेलं असतं हो. सुनेचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं. तानपुरा लावला की डबा वाजल्यासारखं होतं." मग सूनबाईंकडे बघत म्हणाले, "तक्रार नाही. पंचाहत्तर वर्षं 'सा' ऐकला. पण हे मशीन बंद पडून राहिलं तर खराब होईल. वाजतं ठेवणारा हवा."

घासाघीस करायला आलेल्या हिच्याकडे मी पाहिलं. ती पर्समधून चेकबुक काढत होती. "साठ ना?" तिने विचारलं. उभ्या आयुष्यात तिने भाजीवाल्यालाही कधी सांगितल्या किमतीला हो म्हटलेलं नाही.

परतीच्या टॅक्सीत तो अकरा किलोचा ऐवज मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि माझ्या मनात 'नवे'वादी आणि 'जुने'वादी दोघंही गप्प बसले होते. त्यांनी हिशेब यंत्राच्या आयुष्याचा केला होता. लेझर आणखी किती वर्षं टिकेल, सुटे भाग मिळतील की नाही, वगैरे. ऐकणाऱ्याचे सुटे भाग मिळतात का, हे दोघांनीही विचारलं नव्हतं. मी चौसष्ट वर्षांचा आहे. माझी हमी केव्हाच संपली आहे. मुद्दा आता यंत्र किती टिकेल हा नाही. 312 सीडी ऐकून होईपर्यंत मी टिकलो म्हणजे पुरे. आठवड्याला तीन म्हटलं तरी एक फेरी दोन वर्षांत होते, आणि उरलेल्या पैशांत हिच्या गुडघ्याची सोय होते.

वही त्यांनी यंत्राबरोबरच दिली. "पुढे ओढा," म्हणाले. सरकारी हिशेब मध्येच सोडायचा नसतो.

त्याच संध्याकाळी यंत्र लावलं, भूप सुरू केला आणि वहीत शेवटच्या बेरजेखाली तारीख घातली. बटण नऊवर ठेवलं. स्वर कसा अगदी खोलीत येऊन बसला. मी पेन उघडून रकान्यात 'नऊ' लिहिणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "अहो, लावलंय ना? मग जरा मोठं करा की."

कुकरची शिट्टी झालेली नव्हती. मी बटण दहावर नेलं आणि वहीत 'दहा' लिहिलं.