ठोकळा बियाण्यासारखा पारखून घ्या

आज कपाशी-तुरीचं काही लिहीत नाही. लेकरांच्या लाकडी ठोकळ्यांवर लिहितो. लाकूड वावरातलंच असतं, म्हणून विषय आपलाच धरा.

माझी नात पाच वर्षांची. मागच्या दिवाळीत पोरानं शहरातल्या एका प्रदर्शनातून तिला रंगीत ठोकळ्यांचा डबा आणला. वैशाख येईपर्यंत ठोकळे तिरके झाले. चार-पाच रचले की मनोरा कलंडायचा. पोरगी म्हणायला लागली, "मला येतच नाही." ते मनाला लागलं. बियाणं भेसळीचं निघालं तरी आपण आधी पेरणीलाच दोष देतो ना, तसंच झालं. खोट ठोकळ्यात होती अन् लेकरानं ती स्वतःवर घेतली.

कारण साधं. लाकूड ओलं होतं. वाळताना लाकूड लांबीत आटत नाही म्हटलं तरी चालेल, रुंदी-जाडीत आटतं. त्यातही वलयांना धरून जितकं आटतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याच्या दिशेनं आटतं. म्हणून चौकोनी ठोकळा तिरका होतो. सोयाबीन आपण १०-१२ टक्के ओलाव्यावर पोत्यात भरतो, ठोकळ्याचं लाकूडही तितकंच वाळलेलं पाहिजे. सुतारांचा हिशोब असा की इंचभर जाडीला सावलीत एक वर्ष. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून थप्पी लावायची अन् टोकांना मेण लावायचं, नाहीतर टोकं फाटतात.

लाकूड कोणतं? शिवण उत्तम. हलकी, वाळल्यावर फारशी वाकत नाही, रंधाही छान बसतो. सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याची, चन्नपट्टणची काळ्या कुड्याची, दोन्ही हलकी लाकडं. बाभूळ वखराला चांगली, पण ठोकळा लेकराच्या पायावर पडला तर लागतो. औषधं, खतं ज्या पॅलेटवर येतात ते लाकूड खेळण्याला कधीच वापरू नका. पॅलेटवर 'एमबी' शिक्का असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते.

मापालाही अर्थ आहे. न्यूयॉर्कच्या कॅरोलिन प्रॅट या शिक्षिकेनं १९१३ च्या सुमारास १:२:४ या प्रमाणात ठोकळे केले. म्हणजे दीड इंच जाड, तीन रुंद, सहा लांब असं धरा. दोन आडवे ठेवले की एका कडेवर उभ्या ठोकळ्याच्या उंचीचे होतात. लेकरू खेळता खेळता निमपट-दुप्पट शिकतं. मोठ्यांसाठी सारख्या मापाच्या पातळ पट्ट्या बऱ्या. 'काप्ला' नावाच्या पट्ट्या १५:३:१ प्रमाणात असतात, ना खिळा ना डिंक, नुसता तोल. आमचे बाबा ऐंशीच्या पुढचे, तसल्या पट्ट्यांचा पूल बांधताना त्यांना चहाची आठवण राहत नाही.

घेताना हे तपासा :

• दहा ठोकळ्यांच्या दोन चळती शेजारी लावा. एका ठोकळ्यात अर्धा मिलिमीटर फरक असला तरी दहात ५ मिलिमीटर होतो.
• टोकाला वलयं दिसली तर अस्सल लाकूड. भुसा दाबल्यासारखं दिसलं तर एमडीएफ, ते पाण्यानं फुगतं.
• ओलं पांढरं फडकं घासा. रंग उतरला तर घेऊ नका.
• तीन वर्षांखालच्या लेकराला सव्वा इंचापेक्षा लहान तुकडा देऊ नका, घशात अडकतो.
• १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. नोंदणीकृत कारागिरांना त्यातून सूट आहे.

आमच्या धुऱ्यावरची शिवण तीन वर्षांपूर्वी वादळात पडली. जळणवाला न्यायला आला होता, मी दोन इंची फळ्या पाडून गोठ्याच्या माळ्यावर ठेवल्या. त्यातल्या सव्वा घनफुटात गावच्या सुतारानं साठ ठोकळे केले. कडा गोल घासल्या अन् जवसाचं तेल लावलं. तेलाचं फडकं मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

ट्रॅक्टर आल्यापासून सुताराकडं औत-वखराचं काम उरलं नाही. साठ ठोकळ्यांनी त्याचं घर चालत नाही, पण गावात दहा घरांनी सांगितलं तर पावसाळ्यातले रिकामे दिवस भरतील. धुऱ्यावरचं पडलेलं झाड जळणात देण्याआधी एकदा सुताराला दाखवा. तुमच्याकडं खेळण्याला कोणतं लाकूड वापरतात, तेही लिहा.