तंबूचा हिशेब

संस्कृताबरोबर त्रैराशिकहि वर्षानुवर्षें शिकविलेल्या माणसाचा सहा जणांचा हिशेब चुकेल, असें कोणी म्हटलें असतें तर मी हंसलों असतों.

गेल्या वर्षीं मार्गशीर्षांत आम्हीं सात वर्गबंधूंनीं भंडारदऱ्यास एक रात्र तंबूंत काढण्याचा बेत केला. नाशिकाहून घोटीमार्गें हें स्थळ सुमारें ७० किलोमीटर. प्रवरेवर १९२६ सालीं पुरें झालेलें विल्सन धरण, त्याचा विस्तीर्ण जलाशय आणि कांठावर अलीकडे वसलेली तंबूंची वस्तीच! साठी उलटल्यावर जमिनीवर निजण्याची हौस कां सुटावी, हें घरांतील तरुणांस उमगेना. असो. थैली माझ्या हातीं होती.

तंबूवाल्याचा दर दरडोई १,२०० रुपये, रात्रीचें जेवण व सकाळचा फराळ धरून. निम्मी रक्कम मीं आगाऊ पाठविली. परंतु रतनवाडीस अमृतेश्वराचें देऊळ पाहावयास निघालों, तेव्हां नाक्यावर दरडोई प्रवेशशुल्क व वाहनाचें शुल्क निराळें द्यावें लागलें. तो भाग १९८६ पासून अभयारण्यांत मोडतो, आणि तेथील शुल्काचा तंबूच्या भाड्याशीं कांहीं संबंध नाहीं. शेकोटीचें लाकूडहि निराळें. आदल्या रात्रीं एक मित्र तापानें पडला. त्याचे आगाऊ दिलेले ६०० रुपये परत मिळाले नाहींत. चुकलें असेल तर माझें. आगाऊ रकमेची अट मीं विचारलीच नव्हती.

परततांना मीं सगळ्या खर्चाची बेरीज केली, सहांनीं भागिलें व प्रत्येकास आंकडा सांगितला. सर्वांनीं निमूटपणें पैसे दिले.

यंदां पुन्हां बेत निघाला, तेव्हां आमच्यांतील एक जण म्हणाला, "गुडघा दुखतो रे, तुम्ही जा." मीं घरीं ही हकीकत सांगतांच सौभाग्यवती म्हणाली, "अहो, गुडघा नव्हे, तुमची बेरीज दुखते त्यांना. ते घोटीहून एस.टी.नें आले नि गेले, मग गाडीचें भाडें त्यांच्या माथीं कां?"

मीं वही काढली. गाडीचे ४,८०० रुपये. त्याच्या वांट्यास ८०० लाविलेले. रतनवाडीस गेलों तेवढाच तो गाडींत बसला होता. बुडालेल्या ६०० पैकीं आणखी १००. रात्रीं तो दुधाखेरीज कांहीं घेत नाहीं, तरी जेवणासकट पुरा दर त्यानें भरला होता. तो मात्र तंबूवाल्याचा नियम, त्यास मी काय करणार? निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरांत ९०० रुपये ही लहान रक्कम नव्हे, आणि तोंडानें मागणें तर त्याच्या स्वभावांतच नाहीं.

पैसे नुसते परत नेऊन दिले असते तर तो दुखावला असता. म्हणून यंदांच्या खर्चाचा आगाऊ तक्ता केला: दरडोई काय, तंबूमागें काय, गाडीचें गाडींत बसणाऱ्यांकडे, आणि ऐनवेळीं न येणाऱ्याची आगाऊ रक्कम त्याच्याच नांवें. खालीं त्याच्या खातीं गतवर्षींचे ९०० जमा दाखविले, आणि तो कागद घेऊन मी घोटीस गेलों.

त्यानें चष्मा पुसून कागद दोनदां वाचला. मग बोट ठेवून विचारलें, "शेकोटीचें लाकूड कोणाच्या खातीं?"



"सर्वांच्या," मी म्हणालों.

"मग शेकोटीजवळची जागा माझी," असें म्हणून त्यानें आंत चहा सांगितला.