उष्टावणानंतरचे घास

मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डिंभे धरणाच्या अलीकडे, शिनोली हे गाव लागते. नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेले एक ख्रिस्ती कुटुंब आहे. काही वर्षांपूर्वी त्यांच्या घरच्या बाळाच्या उष्टावणाला मी गेलो होतो. बाळ नुकतेच सहा महिन्यांचे झाले होते. प्रार्थना झाली, मी चांदीच्या वाटीतील खिरीला आशीर्वाद दिला, मामाने पहिला घास भरवला आणि बाळाने तोंड वेडेवाकडे करून तो अर्धा बाहेर काढला. सारे घर हसले. निघताना बाळाच्या आईने मला दारात थांबवून विचारले, “फादर, उद्यापासून याला काय काय द्यावं?” मी सहजपणे म्हणालो, “अगं, घरात आजी आहेत ना! त्यांना विचार.” आणि भेट म्हणून नेलेला बिस्किटांचा पुडा तिच्या हाती ठेवून मी मोकळा झालो.

ते उत्तर पुढे मला फार दिवस सलत राहिले.

दोन महिन्यांनी पुन्हा त्या घरी जाण्याचा योग आला. बाळ आजीच्या मांडीवर होते; पण पूर्वीचा खेळकरपणा कोठे दिसेना. मान टाकून ते शांत पडले होते. गावातील अंगणवाडीच्या ताई त्याच वेळी आल्या होत्या. त्यांनी वजनाचा तक्ता उघडून दाखवला. सहाव्या महिन्यापर्यंत वर चढत गेलेली रेघ पुढे आडवी झाली होती. दंडाभोवती गुंडाळायच्या पट्टीवर माप पिवळ्या भागात आले होते. साडेबारा सेंटिमीटरच्या खाली पिवळा आणि साडेअकराच्या खाली लाल, असा त्या पट्टीचा साधा हिशेब असतो.

“पोटभर खातोय की!” आजी दुखावल्या स्वरात म्हणाल्या. “सकाळी वरणाचं पाणी, दुपारी भाताची पेज, संध्याकाळी चहात बुडवलेलं बिस्किट. दात आले की भाकरी देऊच. आमची पाच पोरं ह्याच्यावरच वाढली.”

बिस्किट हा शब्द ऐकताच मी मान खाली घातली.

ताई महादेव कोळी समाजाच्या, पश्चिमेकडच्या डोंगरातील एका पाड्यावर वाढलेल्या. त्यांनी आजींशी वाद घातला नाही. स्वयंपाकघरातून वरणाचे पातेले मागवले आणि पळीने वरचे पिवळे पाणी एका वाटीत काढले, खालची घट्ट डाळ दुसऱ्या वाटीत. “आजी, डाळ कुठल्या वाटीत आहे?” एवढेच त्यांनी विचारले. आजी काही बोलल्या नाहीत. आठ महिन्यांच्या बाळाचे पोट ते केवढे! ते पाण्याने भरले की भूक मरते, बाळ निमूट होते, आणि घरच्यांना वाटते, जेवले. पोट भरलेले, पण शरीर उपाशी, अशी ती अवस्था.

सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध पुरेसे असते. त्या काळात पाण्याचीही गरज नसते. परंतु त्यानंतर वाढत्या शरीराची गरज एकट्या दुधाने भागत नाही. जन्मतः मिळालेली लोहाची शिदोरीही याच सुमारास संपत येते. म्हणून दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवायचे, पण त्याला घट्ट, मऊ अन्नाची जोड द्यायची. दोनतीन चमच्यांपासून आरंभ करायचा. आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोनतीन वेळा, नवव्यापासून तीनचार वेळा. ताईंची कसोटी अगदी सोपी होती. चमचा तिरका केला तरी त्यावरचा घास ओघळता कामा नये.

त्यांनी मग नाचणीचे सत्त्व करून दाखवले. नाचणी रात्रभर भिजवावी, फडक्यात बांधून मोड आणावेत, सावलीत वाळवून हलकेच भाजावी, दळून वस्त्रगाळ करावी. ही सारी खटपट उगाच नाही. मोड येताना धान्यातील पिठूळपणा सुटतो, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ शिजवले तरी लापशी मऊ राहते आणि बाळाला गिळता येते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तांदळात त्याचा अगदी अल्प अंशच असतो. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरउतारावर पिढ्यान्‌पिढ्या पिकणारे हे धान्य आपण गरिबाचे म्हणून मागे सारले आणि दुकानातला डबा श्रीमंतीचा म्हणून पुढे घेतला. त्या घरातही फडताळात असा एक डबा होताच. दोन वर्षांखालील बालकांच्या अशा अन्नाची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने आणि २००३ च्या दुरुस्तीने आपल्या देशात बंदी आहे, हे मला तोवर ठाऊकही नव्हते.

“वेगळं काही रांधायचं नाही,” ताई सुनेला सांगत होत्या. “तुमच्याच पातेल्यातलं तिखट-मीठ घालायच्या आधी याच्यापुरतं काढून ठेवायचं.” मुगाची मऊ खिचडी आणि वर चमचाभर तूप, कुस्करलेला लाल भोपळा, शिजवून घोटलेली पालेभाजी, केळे, उकडलेले अंडे, काटे नीट काढलेली मासळी. नवा पदार्थ एका वेळी एकच, आणि दोनतीन दिवस त्यावर नजर. शेंगदाणा अखखा कधीही नको, तो घशात अडकतो. मात्र बारीक कूट लापशीत जरूर घालावे. मध वर्षाच्या आत मुळीच नको. साखर आणि मीठ नको. आणि बाळ आजारी पडले म्हणून अन्न तोडायचे नाही; थोडे थोडे, पण अधिक वेळा द्यायचे.

हे सारे चालले असता आजी अचानक म्हणाल्या, “पाच नव्हं. सहा होती.”

घरात कोणी काही बोलले नाही. त्यांचा दुसरा मुलगा दीड वर्षाचा असताना तिसऱ्याचा जन्म झाला. त्याला अंगावरून तोडले, पेजेवर ठेवले. त्याच्या पायांना सूज आली, केस विटकरी झाले, तो कशातच रमेना. दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळल्या. पावसाळा सरायच्या आत तो गेला.

आफ्रिकेतील गोल्ड कोस्टमध्ये काम करणाऱ्या सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी १९३३ साली नेमक्या अशाच बालकांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि दोन वर्षांनी त्या आजाराला तेथील लोकांच्याच भाषेतील नाव दिले. क्वाशिओरकोर. धाकटे भावंड आले की पदावरून उतरलेल्या मुलाचा आजार, असा त्याचा अर्थ. आजींना ते नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्या शब्दाचा अर्थ मात्र त्या जन्मभर उरात घेऊन वावरल्या होत्या. त्यांच्या हातून चूक झाली, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. त्या काळी त्यांना सांगणारे कोणी नव्हते. माझ्या वेळी मात्र बाळाच्या आईने स्वतः होऊन विचारले होते.

पवित्र शास्त्रात मूल अंगावरून तोडण्याच्या प्रसंगाला केवढा मान आहे! इसहाकाचे दूध तोडले त्या दिवशी अब्राहामाने मोठी मेजवानी दिली. हन्नाने शमुवेलाचे दूध तुटेपर्यंत त्याला मंदिरात नेले नाही. देवाला दिलेल्या नवसापेक्षा बाळाचे अंगावर पिणे तिने आधी ठेवले. मक्काबींच्या ग्रंथातील ती शूर माता मुलाला त्याला पाजलेल्या तीन वर्षांची आठवण देते. स्तोत्रकर्त्याला देवाजवळची शांती सांगायची झाली तेव्हा त्याला आईजवळचे थानतुटे मूल आठवले. सेमिनरीत या उताऱ्यांवर मी निबंध लिहिले होते. पण त्या मुलाला ती शांती मिळण्याआधी कोणीतरी रोज, घास घास करून, जेवायला शिकवले असेल, हे मात्र माझ्या ध्यानी आले नव्हते.

कारण खरी अडचण पदार्थांची नसतेच, वेळेची असते. आठ महिन्यांचे मूल एका घासाला पाच मिनिटे घेते. थुंकते, हात मारते, हसते, पुन्हा तोंड उघडते. सून सकाळी कामावर जाते, आजींचे गुडघे दुखतात. मग पेज आणि बिस्किट सोपे पडते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी शंभरात सुमारे अकराच पुरेसे आणि सकस जेवताना आढळली. गरिबी हे त्याचे एक कारण आहेच. पण ज्यांच्या घरी डाळ शिजते, अंडी येतात, त्यांच्याही बाळाच्या वाटीत ती पोहोचत नाहीत. ती पोहोचवायला शेजारी बसणारे माणूस लागते.

त्या दिवशी ताईंनी चमचा बाळाच्या वडिलांच्या हाती दिला. त्या घरातील पुरुषाने बाळाला भरवण्याची ती पहिलीच वेळ असावी. लापशी त्यांच्या सदऱ्यावर सांडली. आजी पदराआड हसल्या आणि म्हणाल्या, “घाई करू नको रे. त्यानं गिळू दे आधी.” पुढच्या महिन्यांत तक्त्यावरची रेघ हळूहळू पुन्हा वर वळली.

तेव्हापासून माझ्या धर्मग्रामात स्नानसंस्काराच्या तयारीसाठी आई-वडील आणि मायबाप येतात, त्या वर्गात मी अर्धा तास एखाद्या परिचारिकेला किंवा अंगणवाडीच्या ताईंना देतो. वडिलांनी हजर राहिलेच पाहिजे, असा नियम आहे. विवाहाच्या तयारीच्या शिबिरात आपण श्रद्धेत मुलांचे संगोपन करण्याचे वचन घेतो. पण संगोपनाचा आरंभ वाटी-चमच्यापासून होतो, हे सांगायचे विसरतो.

संत मार्काच्या शुभवर्तमानात याईराच्या मुलीला प्रभूने मरणातून उठवले, तेव्हा सारे थक्क होऊन उभे होते. त्या आश्चर्यात कोणाला सुचले नाही ते प्रभूलाच सुचले. तिला काहीतरी खायला द्या, असे त्याने सांगितले. चमत्कार त्याने केला. पण पुढचा घास घरच्यांवर सोपवला. तो कोणी आणला, कोणी भरवला, हे मार्काने लिहिलेले नाही. आपल्या घरात ते कोण करते, हे मात्र आपल्या प्रत्येकाला ठाऊक असते.