एका सायकल-सहलीची आंखणी

नकाशा पुढें पसरून बसलें म्हणजे मनुष्य फार शूर होतो. बोटाला घाम येत नाहीं, गुडघा दुखत नाहीं आणि समोरचा वारा तर कागदावर मुळींच लागत नाहीं. येत्या मे महिन्यांत फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यांत सायकलीवरून एक दिवस फिरावयाचें असें घरांत ठरलें, तेव्हां आमच्याहि बोटानें असाच पराक्रम केला. ब्ल्वा गांवाहून निघावें, शांबोर व शव्हेर्नी येथील राजवाडे पाहावे, तसेंच पुढें शनोंसो आणि आंब्वाझ गांठून दिवस मावळण्यापूर्वीं परत यावें! हिशेब शंभर किलोमीटरांच्या पुढें गेला, तरी आम्हांस त्यांत कांहीं वावगें दिसलें नाहीं.

बरोबर येणार आमचे वडील बंधु. दादांचें वय ६८, आमचें ६३. लहानपणीं पुण्यास तासाच्या भाड्यानें सायकल मिळे. तिची सीट मागून धरून दादांनीं आम्हांस शिकविलें आणि हात कधीं सोडला तें कळूंहि दिलें नाहीं. गेल्या वर्षीं त्यांना हृदयाचा विकार झाला. आतां डॉक्टरांनीं सायकलीस परवानगी दिली आहे. मात्र दमावयाचें नाहीं, अशी अट घातली आहे. आमचा नकाशा पाहून वहिनी एवढेंच म्हणाल्या, "भावोजी, ह्यांनीं उभ्या जन्मांत कोणाला 'जरा थांब' म्हटलेलें नाहीं. तुम्ही म्हणायला शिका."

त्या एका वाक्यानें नकाशा पुनः कोरा झाला. आजवर आम्ही विचार करीत होतों तो काय काय पाहावयाचें ह्याचा. आतां काय सोडावयाचें तें पाहूं लागलों. शनोंसो व आंब्वाझ प्रथम गळालीं. ब्ल्वाचा राजवाडा आदल्या दिवशीं पायींच पाहावा असें ठरलें. १५८८ च्या डिसेंबरांत राजा तिसऱ्या हेन्रीनें आपला प्रतिस्पर्धी ड्यूक ऑफ गीझ ह्याचा खून करविला, तो ह्याच वाड्यांत. असें स्थळ घाईनें पाहण्यासारखें नाहीं. उरला तो ब्ल्वा, शांबोर, शव्हेर्नी आणि पुनः ब्ल्वा असा सुमारें ५० किलोमीटरांचा फेरा. ताशीं १२ किलोमीटर ही चाल धरली, तर सायकलीवर चार तासांहून थोडें अधिक बसावें लागेल. त्या दिवसांत तिकडे रात्रीं नवाच्या पुढेंपर्यंत उजेड असतो. तेव्हां घाई कसली?

पुढचा प्रश्न, फेरा कोणत्या बाजूनें घ्यावा? त्या मुलुखांत वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. शांबोर ब्ल्वाच्या पूर्वेस. म्हणून सकाळीं नदीकांठच्या उघड्या वाटेनें वारा पाठीशीं घेऊन तिकडे जावें. तेथून दक्षिणेस ब्रासिए गांवापर्यंत जंगलाचा आडोसा आहे आणि शव्हेर्नीहून परततांनाहि र्‍युसीचें अरण्य लागतें. उलट्या बाजूनें निघालों, तर दमलेल्या पायांना शेवटीं नदीकांठचा वारा समोरून घ्यावा लागेल. वर्तुळाकार मार्गाची आणखी एक खोड अशी कीं, अर्ध्यावर गेल्यावर मागें फिरण्यांत कांहींच वांचत नाहीं. म्हणून पुढें जावयाचें कीं परतावयाचें, ह्याचा निर्णय शांबोरलाच, म्हणजे सुमारें एकतृतीयांश वाट संपतांच, घ्यावयाचा.

आणि शांबोरलाच परतावें लागलें, तरी दिवस फुकट गेला असें कोण म्हणेल? पहिल्या फ्रान्सिस राजानें १५१९ मध्यें हें बांधकाम आरंभिलें. भोंवतालचें उद्यान ५,४४० हेक्टरांचें. त्याची भिंत ३२ किलोमीटरांची. एवढा खटाटोप करून राजा तेथें उभ्या आयुष्यांत राहिला तो कांहीं आठवडेच. वाड्याच्या मध्यभागीं एकमेकांत गुंफलेले दोन चक्राकार जिने आहेत. एकानें चढणारा व दुसऱ्यानें उतरणारा ह्यांची गांठ पडत नाहीं. मात्र मधल्या झरोक्यांतून ते एकमेकांस पाहूं शकतात. ही कल्पना लिओनार्दो द व्हिंचीची असावी असें पुष्कळांस वाटतें. तो त्याच वर्षीं आंब्वाझ येथें वारला. शव्हेर्नीचें आकर्षण निराळें. टिनटिनच्या चित्रकथांतील कॅप्टन हॅडॉकचा वाडा ह्याच इमारतीवरून, दोन्ही टोकांचे भाग वगळून, काढलेला आहे. घरांतील मुलांनीं तेवढ्यासाठीं छायाचित्र मागितलें आहे.

खेड्यांतील खाणावळी दुपारीं दोनच्या सुमारास चूल बंद करितात. म्हणून एक वाजतां ब्रासिएस पोंचणें इष्ट. तरीहि वहिनींनीं दशम्या व गूळपापडीच्या वड्या बांधून देण्याचें ठरविलें आहे. तिकडे वाहनें उजव्या बाजूनें चालतात, हें आम्ही दोघांनींहि रोज एकदां मोठ्यानें म्हणावयाचें आहे.

शेवटची अडचण सायकलीची. पायडल मारतांना विजेची मदत देणारी सायकल तेथें भाड्यानें मिळते. ताशीं २५ किलोमीटरांच्या वर ती मदत थांबते. दादांपुढें तिचा विषय काढतांच ते म्हणाले, "ती सायकल नव्हे, पालखी आहे." दोन दिवस आम्ही गप्प राहिलों. मग वहिनींचा उपदेश आठवला आणि दादांना सांगितलें, "दादा, माझा उजवा गुडघा चढावर दुखतो. मला तसली सायकल लागेल, आणि दर आठ किलोमीटरांनीं थांबावेंहि लागेल." हें बोलतांना लाज वाटली, पण त्यांत खोटें कांहींच नव्हतें. आजवर तें आम्ही कोणाला सांगितलें नव्हतें, एवढेंच. दादांनीं चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मग दोन सारख्याच घे. एक पुढें, एक मागें असें नको."

फेऱ्याच्या अखेरीस ब्ल्वाचा पूल ओलांडल्यावर आमच्या मुक्कामापर्यंत उभा चढ आहे. तेथें दोघांनींहि उतरून सायकली हातानें ढकलीत न्यावयाच्या, आणि उतरण्याचें प्रथम आम्ही म्हणावयाचें, असें टिपणांत लिहून ठेविलें आहे. तें टिपण दादांना दाखविलेलें नाहीं. दादांनीं सीट कधीं सोडली तें आम्हांस कळलें नव्हतें. आम्ही ती कधीं धरली, हें सहल पुरी होईपर्यंत त्यांसहि कळूं नये. हा अंक त्यांच्या हातीं पडेल, तेव्हां आम्ही परत आलेले असूं.